सापळ्यातले पतंग मोजायचे कुणी?

२०१७ च्या दिवाळीनंतर आमच्या शेतात कापूस वेचायला गेलेल्या बाया दुपारीच परत आल्या. वेचायला काही नव्हतं. झाडं कमरेच्या वर, पानं हिरवीगार, बोंडंही लगडलेली, पण फुटत नव्हती. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक टणक बोंड अंगठ्याने दाबून फोडलं. आत सरकीला चिकटून गुलाबी अळी बसली होती. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. मग फोडणं थांबवलं. "समदं गयं भो," एवढंच म्हणाले आणि बांधावर बसून राहिले.

त्या शेताच्या मधोमध बांबूच्या काठीला एक कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासाने या अळीचे नर पतंग ओढून पकडणारा सापळा, टांगलेला होता. त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत तळाला मेलेल्या पतंगांचा थर साचला होता. वरचे ताजे, खालचे वाळून भुगा झालेले. म्हणजे खबर कधीची येत होती. रोज रात्री येत होती. पतंग पडत होते आणि मोजत कुणी नव्हतं. सापळा लावला की अळी कमी होते, अशीच गावात समजूत होती, आमच्या घरातही. त्या पिशवीतले पतंग मोजायचे असतात, सलग तीन रात्री सापळ्यामागे सरासरी आठ पतंग आले की हात-पाय हलवायचे असतात, हे मला नंतर कळलं. मी जीवशास्त्र शिकवतो. माझ्याच घरच्या शेतात ते मला कळायला नको होतं का, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्यासोबत आहे.

त्याच हिवाळ्यात चाळीसगाव तालुक्यात, गिरणाकाठच्या गावांत, बिबट्याने माणसं मारली. संध्याकाळी बाया-मुलं घराबाहेर पडेनात, शेतातली कामं थांबली, शेवटी डिसेंबरात त्या जनावराला गोळी घालावी लागली. तेव्हा जो तो विचारत होता, आपल्या भागात बिबटे आहेत तरी किती? खात्रीचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. एका बाजूला अळी, दुसऱ्या बाजूला बिबट्या. एक नखाएवढी, दुसरा माणूस उचलून नेणारा. दोन्ही वेळी आपण एकसारखेच आंधळे होतो.

माझं म्हणणं साधं आहे. खानदेशात आपल्याभोवती जे जीव राहतात, त्यांची संख्या कशी वाढते, कशी घटते, कुठून येते आणि कुठे जाते, याची कायमची, गावपातळीवरची, उघडी नोंद आपल्याकडे असली पाहिजे. ती असल्याशिवाय बियाण्याची तारीख ठरवणं, फवारणीचा सल्ला देणं, बिबट्या पकडून दुसरीकडे सोडणं, जंगलाचा तुकडा राखणं, हे सगळे निर्णय अंदाजाने घेतले जातात. आणि अंदाज चुकला की किंमत शेतकरी, शेतमजूर आणि जंगलात राहणारा माणूस मोजतो.

ज्याच्या दारात शेळ्या आहेत त्याला हे शास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही. कळपात वीस शेळ्या आहेत, एवढ्याने त्याला काहीच कळत नाही. यंदा किती व्याल्या, किती पिलं जगली, किती विकल्या, किती विकत आणल्या, माद्या किती, त्यातल्या म्हाताऱ्या किती, हे सगळं त्याच्या तोंडावर असतं. वीसच्या वीस म्हाताऱ्या असतील तर तो कळप आज वीस आणि तीन वर्षांनी शून्य. जीवसंख्येचा अभ्यास म्हणजे हाच हिशेब: जन्म, मरण, येणं, जाणं. आपण वर्तमानपत्रात फक्त बेरीज वाचतो आणि तिच्यावर वाद घालतो. देशाच्या २०२२ च्या बिबट्या-अंदाजात महाराष्ट्राच्या नावापुढे १,९८५ हा आकडा आहे. तो मुख्यतः वाघांच्या जंगलांत लावलेल्या कॅमेऱ्यांवरून काढलेला आहे. उसाच्या फडात किंवा केळीच्या बागेत जन्मलेली पिलं त्यात मोजली गेली, असं त्यावरून म्हणता येत नाही. मग त्या आकड्याने चाळीसगावच्या शेतकऱ्याचा प्रश्न सुटतो कसा?

बिबट्याचं तर पकडून दुसरीकडे सोडण्याचंही शास्त्र आपण गृहीत धरून टाकलं होतं. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर भागातल्या अशा स्थलांतरांचा अभ्यास केला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. तिथे पकडलेले काही बिबटे थेट आपल्या यावल अभयारण्यात आणून सोडले होते आणि पुढे यावलच्या आसपास माणसांवर हल्ले झाले. जुन्नरमधून काढले म्हणून जुन्नरचे हल्लेही थांबले नाहीत. काढलेल्या जनावराची जागा दुसरं घेतं, आणि नेलेलं जनावर अनोळखी मुलखात बिथरतं. येणं-जाणं हे हिशेबातले दोन रकाने कोरे ठेवले की असं होतं. रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुकराच्या बाबतीतही आपण त्याच वाटेने चाललो आहोत. मारायला परवानगी द्या आणि देऊ नका, दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, पण डुकरिणीची किती पिलं जगतात आणि मक्याचं पीक तिला वर्षातले किती महिने पोसतं, हे मोजून बोलणारा मला तरी भेटलेला नाही.

आता अळीकडे येतो, कारण तिथे हा हिशेब सगळ्यात स्वच्छ दिसतो आणि खानदेशाचा पैसाही तिथेच अडकलेला आहे.

शेंदरी बोंडअळी, म्हणजे तीच गुलाबी अळी, आपल्याकडे नवी नाही. एकोणिसाव्या शतकात तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं ते भडोचच्या कपाशीतल्या नमुन्यांवरून, म्हणजे आपल्या शेजारूनच. २००२ साली बीटी कपाशी आली, म्हणजे बाहेरून घातलेल्या जनुकामुळे अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारी कपाशी, २००६ साली दोन जनुकांची आली, आणि काही वर्षं आपण अळी विसरून गेलो. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं बिगरबीटी बियाणं यायचं. ते कडेने लावायचं होतं, म्हणजे त्यावर साध्या अळ्या वाढतील, त्यांच्या पतंगांशी विष पचवणाऱ्या पतंगांचा संकर होईल आणि विष पचवण्याची ताकद पसरायला वेळ लागेल. आमच्या गावात ते छोटं पाकीट बांधावर फेकलेलं मी स्वतः पाहिलं आहे. त्याचं कारण कुणी समजावून सांगितलंच नव्हतं, आणि कमी पिकणाऱ्या ओळींसाठी कोण जमीन सोडेल? गुजरातमध्ये पहिल्या जनुकाला अळी दाद देत नाही, हे २०१० पर्यंत जाहीर झालं होतं. सात वर्षांनी ती आमच्या बोंडात होती. मधली सात वर्षं आपण काय मोजत होतो?

ही अळी जवळजवळ फक्त कपाशीवर जगते. हा तिचा दुबळेपणा आहे. कपाशी नसेल तर तिला खायला नाही, अंडी घालायला जागा नाही. म्हणून हंगाम संपला की ती सरकीत, जमिनीत, शेतातल्या पऱ्हाट्यांत, जिनिंगच्या कचऱ्यात निजून राहते आणि पावसाच्या सुमारास पतंग होऊन बाहेर येते. त्या वेळी शेतात पाते, म्हणजे कळ्या, आणि फुलं असली तर तिचं साधतं. नसली तर ते पतंग अंडी न घालताच मरतात, किंवा घातली तरी अळ्यांना पोट भरायला काही नसतं.

एक पिढी बुडणं म्हणजे काय, ते वर्गात मी असं सांगतो. समजा एका मादीच्या शंभर अंड्यांतून दहा पतंग जगले, त्यात पाच माद्या. म्हणजे दर पिढीला एकीच्या पाच. चार पिढ्यांत एकीच्या ६२५. पहिलीच पिढी हुकली आणि तीनच पिढ्या झाल्या तर १२५. खरे आकडे शेताशेतात वेगळे असतील, पण मोठा भागाकार कुठे होतो ते एवढ्यावरून कळतं. शेवटच्या पिढीवर चार फवारे मारून जे साधत नाही, ते पहिल्या पिढीला फूल न दाखवून साधतं. शिवाय बोंडाच्या आत बसलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. २०१७ च्याच हंगामात यवतमाळकडे फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. न मोजता फवारण्याची ही किंमत होती.

याच विचाराने राज्य सरकारने मधल्या काही हंगामांत १ जूनच्या आधी शेतकऱ्याला कपाशीचं बियाणं विकायला मनाई केली. विचार बरोबर आहे. मे महिन्यात लावलेल्या कपाशीला जुलैच्या सुरुवातीला पाते लागतात आणि झोपेतून उठलेल्या पतंगाला आयतं ताट मिळतं.

पण चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या पट्ट्यात ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो मे महिन्यातच ठिबकवर कपाशी लावतो, आणि तो मूर्ख नाही. नानांचं गणित मला पाठ आहे. लवकर लावली की दिवाळीपर्यंत निम्म्याहून जास्त वेचून होते, शेत मोकळं होतं, हरभरा किंवा मका घेता येतो. एका पिकाच्या जागी दोन पिकं. आणि यात अळीच्या दृष्टीने एक चांगली गोष्टही दडलेली आहे: जो डिसेंबरात कपाशी उपटतो, तो अळीच्या शेवटच्या पिढ्या तोडतो. उलट कोरडवाहूवाला जुलैत लावतो आणि भाव नाही, हातात पैसा नाही म्हणून फरदड ठेवतो, म्हणजे तीच कपाशी न उपटता उभी ठेवतो, मार्चपर्यंत. मग दोघांतला जास्त अळी कोण पोसतो? मे महिन्यातला पेरा की मार्चमधली फरदड? मला वाटतं, फरदड. पण हे माझं वाटणं झालं. तालुक्यात सहा-सात ठिकाणी वर्षभर सापळे असते आणि त्यांची आठवड्याची नोंद असती, तर वाटण्यावर थांबावं लागलं नसतं. तापीकाठच्या चोपड्यात पतंग कधी उठतात आणि साक्रीच्या माळावर कधी, यात फरक असणारच. पाऊस वेगळा, माती वेगळी, पेरा वेगळा. त्या दोघांना मुंबईहून एकच तारीख लावण्याला मी विरोध करतो. तारखेला माझा विरोध नाही. मोजून ठरवलेल्या तारखेच्या मी पूर्ण बाजूने आहे, मग ती नानांच्या विरोधात गेली तरी.

शिवाय जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या तीनही जिल्ह्यांच्या पलीकडे मध्य प्रदेश किंवा गुजरात आहे. इथे बियाणं बंद असलं की सेंधव्याकडून, बऱ्हाणपुराकडून, सुरतेकडून पिशव्या येतात. त्यात बिनपरवान्याचं बियाणंही येतं, ज्याच्यावर ना पावती, ना तक्रारीची सोय. म्हणजे तारखेचा हेतू गेला आणि शेतकरी फसवणुकीच्या तोंडी गेला. पतंगही तसाच वाऱ्यासोबत इकडचा तिकडे जातो.

भावाचा आणि अळीचा संबंध तर आमच्या ओसरीतच होता. २०२२ च्या पहिल्या महिन्यांत कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला. पुढच्या हंगामात त्याच आशेवर घराघरांत कापूस भरून ठेवला गेला. ओसरीत कापूस, माळ्यावर कापूस, झोपायच्या खोलीत कापूस. लोकांच्या अंगाला खाज सुटली, मुलांना पुरळ आलं, भाव मात्र वर आला नाही. त्या ढिगांतल्या सरकीत किती अळ्या निजलेल्या होत्या? बाजारातला भाव हा पुढच्या वर्षीच्या अळीच्या संख्येतला एक घटक आहे, हे कोणत्याही पुस्तकाआधी मला त्या ओसरीने शिकवलं. जीवसंख्येचा अभ्यास फक्त कीटकशास्त्रज्ञाचा, असं म्हणणाऱ्याने तो ढीग पाहायला हवा होता. केळीतल्या हरण्या रोगाचंही हेच आहे. मावा केळीवर मुक्काम करत नाही. बांधावरच्या तणातून आणि काकडी-भोपळ्याच्या वेलांतून तो विषाणू उचलतो आणि जाता जाता कोवळ्या रोपाला देऊन जातो. रावेर-यावलमध्ये बागाच्या बागा उपटून टाकल्या गेल्या, पण तणाकडे आणि माव्याकडे वर्षभर लक्ष ठेवणारं कुणी नेमलं गेलं नाही.

कुणी म्हणेल, सरकारची कीड-सर्वेक्षणाची व्यवस्था आहे की. आहे. क्रॉपसॅप २००९ पासून चालू आहे आणि तिच्यामुळे पुष्कळ शेतकऱ्यांना वेळेवर सल्ला मिळाला, हे मी नाकारत नाही. पण ती हंगामापुरती आणि उभ्या पिकापुरती चालते. अळी निजलेली असते त्या महिन्यांत, जिनिंगच्या कुंपणापाशी, घरातल्या ढिगापाशी, मोजणारं कुणी नसतं. आणि जे मोजलं जातं ते गावात सल्ला म्हणून येतं, आकडा म्हणून येत नाही. 'फवारणी करावी' असा मेसेज मोबाईलवर येतो. गेल्या आठवड्यात किती, या आठवड्यात किती, मागच्या वर्षी याच आठवड्यात किती, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मी कधी वाचलेलं नाही. पावसाचे मिलिमीटर लोक जसे तोंडपाठ सांगतात, तसे पतंगांचे आकडे सांगायला लागतील त्या दिवशी या व्यवस्थेला अर्थ येईल.

आता सातपुड्याकडे. तिथला जीव अगदी उलट्या टोकाचा आहे: अळी नको तितकी, आणि हा हवा तितका नाही.

रानपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड, हा खानदेशाचा पक्षी आहे, निदान त्याची कहाणी तरी आपली आहे. गावातल्या चिंचेवर दिसतो तो ठिपकेवाला पिंगळा वेगळा. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, पाय पिसांनी भरलेले जाड, आणि तो दिवसाढवळ्या शिकार करतो. १८७२ साली त्याचा पहिला नमुना मिळाला, पुढच्या वर्षी पक्षीशास्त्रज्ञ ह्यूमने त्याला तो नमुना मिळवणाऱ्या ब्लेविटचं नाव दिलं. मग १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या खानदेशात नोकरीला असलेल्या अधिकाऱ्याने शहादा-तळोद्याकडच्या जंगलातून बरेच नमुने जमवले. १८८४ नंतर पक्षी दिसेनासा झाला. संपला, असंच बहुतेकांनी धरलं.

पण मध्ये एक नोंद होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या नामांकित ब्रिटिश सेनाधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना होता, चिठ्ठीवर लिहिलेलं: मांडवी, १९१४. मांडवी म्हणजे आपल्याच तापीवरचं, सुरतेजवळचं गाव. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून लोक चुकीच्या जागी शोधत राहिले. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीअभ्यासकांनी तो नमुना बारकाईने तपासला तेव्हा उघड झालं की तो डेव्हिडसननेच खानदेशात मारलेला पक्षी होता. संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी लावलेला. मांडवीचं नाव खोडलं गेल्यावर शोध पुन्हा जुन्या जागांकडे वळला. २५ नोव्हेंबर १९९७ ला, शहाद्याजवळच्या पायथ्याच्या जंगलात, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेलाही नव्हता, शहादा धुळे जिल्ह्यात होतं.

मी ही गोष्ट दरवर्षी वर्गात सांगतो आणि दरवर्षी माझा आवाज चढतो. एक खोटी चिठ्ठी! एका माणसाच्या मोठेपणाच्या हव्यासापायी एका जिवाचा पत्ता पुसला गेला. या काळात सातपुड्यातला साग तुटत राहिला आणि पिंगळा कुठे, किती उरला हे कुणी मोजलं नाही, कारण तो इथे असेल असं कुणी धरलंच नव्हतं. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी तोरणमाळला त्याच्या घरट्यांचा आणि खाण्याचा अभ्यास केला. मेळघाटात तो सापडला, २०१४ साली तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात सापडला. २०१८ मध्ये जागतिक यादीत त्याची श्रेणी 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' झाली. प्रौढ पक्षी तरीही हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे. श्रेणी सुधारली याचा आनंद मानावा का? पक्षी वाढले म्हणून सुधारली की शोधणारी माणसं वाढली म्हणून, हा फरक करायला सलग वर्षांची नोंद लागते. पहिल्यांदा जिथे तो परत दिसला त्या शहाद्याच्या पायथ्याशी आज किती जोड्या आहेत आणि दर हिवाळ्यात किती पिलं उडतात, हे गावाच्या शाळेत लिहिलेलं असायला हवं होतं. तसा एकही फळा माझ्या पाहण्यात नाही.

तोरणमाळच्या वाटेवर एका पावरा आदिवासी शेतकऱ्याच्या घरी मी थांबलो होतो. त्याला तो पक्षी माहीत होता, आवाज काढून दाखवला, कोणत्या झाडाच्या ढोलीत बसतो तेही हाताने दाखवलं. मी वही काढली तसा तो गप्प झाला. चहा झाल्यावर हळूच म्हणाला, "भाऊ, तुम्ही हे लिहिलं तर आमचं खेत काढून घेतील का?" त्याचा वनहक्काचा दावा तेव्हा अडकलेला होता. मी वही मिटली. त्या माणसाच्या जागी मी असतो तर मीही पक्षी पाहिला नाही असंच सांगितलं असतं.

इथे माझ्या सगळ्या म्हणण्याची गाठ आहे. नोंद खरी हवी असेल तर नोंद करणाऱ्याला तिची भीती नसावी. माइनर्ट्झहागेनने हव्यासाने खोटं लिहिलं. हा पावरा शेतकरी भीतीने गप्प बसला. आमच्या गावातला कापूसवाला पीकविम्याच्या धास्तीने आकडा फुगवेल किंवा दाबेल. तिघांच्या दोषात जमीन-अस्मानाचा फरक आहे, शेतकऱ्यांचा तर दोषच नाही. पण हिशेब तिन्ही वेळा बिघडतो. म्हणून मी मोजणीसोबत एक अट मागतो आणि ती कायद्याने लिहून मागतो: ग्रामसभेने नोंदवलेला पक्षी, प्राणी किंवा कीड हा त्या गावातल्या कुणाच्याही वनहक्काच्या दाव्याविरुद्ध किंवा भरपाईविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही. उलट ज्या ग्रामसभेच्या सामूहिक वनहक्काच्या जंगलात रानपिंगळ्याची घरटी टिकतात, तिला मोजणीची मजुरी मिळावी, दरवर्षी, रोजगार हमीच्या दरापेक्षा कमी नाही.

हे लोकांना जमणार नाही असं कार्यालयात बसून म्हणणाऱ्यांनी साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला जाऊन यावं. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, पण त्याआधी तीन दशकं त्या गावाने आपलं जंगल स्वतःचे नियम करून राखलं. तिथल्या वनभाज्यांच्या स्पर्धेत बाया कोणती भाजी कुठे उगवते, कधी कोवळी असते, यंदा कमी का आली, हे घडाघडा सांगतात. ती जीवसंख्येची नोंदच आहे, फक्त वहीत नाही. माधव गाडगीळांनी लोक जैवविविधता नोंदवहीची कल्पना मांडली ती नेमकी याच ज्ञानासाठी. २००२ च्या जैवविविधता कायद्याने तिला जागाही मिळाली. आमच्या गावची वही मी पाहिली आहे. एकदा भरलेली, एका हाताने, एका बैठकीत. नावांची यादी आहे, संख्या नाही, साल पुढे सरकत नाही. एकदाच लिहिलेली नोंदवही म्हणजे शेळीवाल्याने आयुष्यात एकदाच कळप मोजण्यासारखं आहे.

खर्चाचं कारण मला पटत नाही. सापळा काही शेकड्यांत येतो, त्यातली गंधगोळी तीन-चार आठवड्यांनी बदलावी लागते. प्रत्येक तालुक्यात एक तरी महाविद्यालय आहे जिथे प्राणिशास्त्र शिकवलं जातं आणि जिथली मुलं प्रकल्प म्हणून इंटरनेटवरून उतरवलेली पानं बांधून देतात. जळगावच्या विद्यापीठाने ठरवलं तर पुढच्या जूनपासून तीन जिल्ह्यांत सापळ्यांची जाळी उभी राहू शकते. हवं आहे ते सातत्य, दहा वर्षांचं, वीस वर्षांचं. दोन वर्षांचा प्रकल्प आणि मग दुसरा विषय, याने जीवसंख्येचं काहीच कळत नाही. चांगल्या पावसाचं वर्ष आणि दुष्काळाचं वर्ष दोन्ही अंगावरून गेल्याशिवाय कोणतीही संख्या कशाने हलते ते दिसत नाही.

आमच्या महाविद्यालयातल्या मुलांसोबत मी हे छोट्या प्रमाणात सुरू केलं आहे. पहिल्या वर्षी सप्टेंबरमध्ये पतंग एकदम कमी झाले. मुलांनी आलेख काढला, त्याला खाली जाणारा बाण जोडला, अळी आटोक्यात आली असं लिहिलं. मीही ते तपासून सही केली. मग एका मुलीने विचारलं, सर, गोळी कधी बदलली होती? कुणीच बदलली नव्हती. वास संपला होता, पतंग होतेच. तो आलेख आम्ही फाडला नाही, प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावून ठेवला आहे, आणि आता वहीत पतंगांच्या रकान्याशेजारी गोळी बदलल्याची तारीख आणि बदलणाऱ्याची सही असे दोन रकाने आहेत.

यंदा त्या मुलीच्या वडिलांनी आपल्या शेताच्या कडेला स्वतःहून एक सापळा जास्तीचा मागून नेला. फरदड ठेवायची की नाही हे त्यांना डिसेंबरात ठरवायचं आहे, आणि ठरवण्याआधी वही बघायची आहे. रोज सकाळी दूध घालायला जाताना ते पिशवी उलटी करतात, पतंग एका जुन्या ताटलीत मांडतात आणि आकडा फोनवर मुलीला सांगतात. ती लिहून घेते. परवा ती म्हणाली, पप्पा आता शेजारच्यांचे पण आकडे विचारायला लागले आहेत.